पाणी गळणारा डोळा कोरडा कसा?

मंगळवार हा आपल्या दवाखान्यात डोळ्यांचा दिवस. सकाळची एसटी आली की पाड्यापाड्यांवरची माणसं उतरतात आणि दहा वाजेपर्यंत ओसरीवर बसायला जागा उरत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला अशाच एका मंगळवारी एक वारली आजी समोरच्या स्टुलावर येऊन बसल्या. पदराने सारखे डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, “डोल्यांत वालू टाकल्यावानी होतं, नि पानी गलतं.” मी यंत्राखाली तपासलं आणि सांगितलं, “आजी, तुमचे डोळे कोरडे पडलेत.”

बरोबर आलेली सून हसली. आजी मात्र हसल्या नाहीत. ओला पदर माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “पानी थांबत नाय, नि तू सांगतेस डोलं कोरडं!” मी नीट बघितलंच नाही, असं त्यांना वाटलं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

या अंकासाठी ‘डोळ्यांच्या ओपीडीत काय काय दिसतं’ यावर लिहा, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा मला आजींचा तो ओला पदर आठवला. आपण वाचक मंडळी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी वर्षानुवर्षं मदत करत आला आहात आणि त्यांची माहिती प्रत्येक अंकात येतच असते. डोळ्यांचा कोरडेपणा ही तक्रार तशी दिसण्यासारखी नाही. पट्टी सोडली आणि आजोबांना नातू दिसला, असा प्रसंग त्यात घडत नाही. पण ओपीडीत हा आजार रोज येतो, बऱ्याचदा ओळखू येत नाही, आणि ओळखला गेला नाही तर त्यावर केलेल्या चुकीच्या उपचारांनी डोळा जाऊ शकतो. म्हणून यावेळी त्याविषयी लिहिते.

अश्रूंचे तीन थर

आपण रडतो तेव्हाच अश्रू येतात, असं आपल्याला वाटतं. खरं तर जागेपणी डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ पापुद्रा कायम पसरलेला असतो. तो माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असतो. दर उघडझापीला पापणी हा पापुद्रा नव्याने पसरवते, शेणाने सारवताना हात फिरवावा तसा. सहज बोलत बसलेला माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो.

या पापुद्र्यात तीन गोष्टी असतात. सगळ्यांत खाली, बुबुळाला लागून, बुळबुळीत चिकट द्रव असतो. तेलकट ताटलीवर पाणी ओतलं तर ते पसरत नाही, थेंब थेंब होऊन उभं राहतं. डोळ्याचं तसं होऊ नये, पाणी सगळीकडे सारखं धरून राहावं, यासाठी हा चिकट थर असतो. त्याच्यावर खारट पाणी. ते वरच्या पापणीमागच्या अश्रुग्रंथीतून येतं. आणि सगळ्यांत वर तेलाचा अगदी बारीक थर. हे तेल पापणीच्या कडेवर ओळीने असलेल्या बारीक ग्रंथींमधून येतं. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना आजही माइबोमियन ग्रंथी म्हणतात. लोणच्यावर तेलाचा थर देतात तो आतला ऐवज टिकावा म्हणून. इथलं तेल खालच्या पाण्याची वाफ होऊ देत नाही.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. पापणीच्या कडेच्या ग्रंथी तुंबल्या की तेल कमी पडतं. मग पाणी असूनही ते काही सेकंदांत उडून जातं आणि बुबुळाचा पृष्ठभाग जागोजागी उघडा पडतो. तिथे बारीक नसांचं दाट जाळं आहे. त्या टोचणीची वर्दी मेंदूला देतात आणि मेंदू अश्रुग्रंथीला हुकूम सोडतो, ‘पाणी सोड’. ग्रंथी भसाभस पाणी सोडते. पण ते नुसतंच पाणी असतं. त्यात तेल पुरेसं नसतं. ते गालावर ओघळतं, पदराने पुसलं जातं आणि डोळा पुन्हा कोरडा होतो. फुटक्या बांधाच्या खाचरात वरून कितीही पाणी सोडलं तरी ते टिकत नाही, तसंच हे. आजींना मी हेच उदाहरण दिलं. खाचर आणि बांध म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

पाणी गळणारा प्रत्येक डोळा कोरडाच असतो असं मात्र नाही. डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी बंद झाली तरी डोळा वाहतो. पापणीचा केस आत वळला असेल, बारीक कुसळ अडकलं असेल, बुबुळाला जखम असेल, तरीही वाहतो. म्हणून तपासल्याशिवाय नाव ठेवायचं नाही.

किती जणांना असतो?

हा प्रश्न ऐकायला सोपा आहे, पण त्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. का, ते आपल्याच देशातल्या तीन अभ्यासांवरून सांगते.

२००५ साली प्रसिद्ध झालेला जयपूरचा एक अभ्यास आहे. तिथे डोळ्यांच्या रुग्णालयात आलेल्या, वय वर्षं २० च्या पुढच्या ५०० रुग्णांना ठरावीक प्रश्न विचारले आणि अश्रूंच्या तपासण्याही केल्या. १८.४ टक्के लोकांना कोरडेपणा निघाला. पुरुषांमध्ये १४.९ टक्के, तर स्त्रियांमध्ये २२.८ टक्के. सत्तरीपुढच्या लोकांमध्ये तो ३६ टक्क्यांवर गेला. खेड्यातल्या लोकांत शहरापेक्षा थोडा जास्त आढळला आणि कामधंद्याप्रमाणे पाहिलं तर शेतकरी आणि मजूर सगळ्यांत वर होते.

दुसरा अभ्यास २०१८ सालचा, उत्तर भारतातल्या रुग्णालयातला. तिथे एका प्रश्नावलीवरून मोजलं आणि आकडा ३२ टक्के आला, म्हणजे साधारण तीन रुग्णांत एक. तिसरा २०१९ चा. दक्षिणेतल्या एका मोठ्या नेत्रसंस्थेने आपल्या संगणकातल्या दहा लाखांहून जास्त नव्या रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. ‘कोरडे डोळे’ असं निदान लिहिलेले रुग्ण निघाले सुमारे दीड टक्का.

दीड, अठरा आणि बत्तीस! वाचणारा गोंधळून जाईल, पण तिघांनीही खरंच सांगितलं आहे. तिघांनी मोजलेली गोष्ट वेगळी होती, इतकंच. एकाने कागदावर निदान काय लिहिलं गेलं ते मोजलं. मोतीबिंदूसाठी आलेल्या माणसाच्या कागदावर मोतीबिंदू लिहिला जातो. त्याचे डोळे चुरचुरतात का, हे कुणी विचारलं नसेल तर ते कागदावर येणार कुठून? दुसऱ्या अभ्यासात प्रत्येकाला मुद्दाम विचारलं गेलं, म्हणून आकडा वाढला. जयपूरच्या मंडळींनी विचारलंही आणि तपासलंही.

जगभरातल्या तज्ज्ञांनी २०१७ साली या विषयाचा मोठा आढावा घेतला. त्यांनाही ५ ते ५० टक्के इतकी लांबरुंद पट्टीच सांगावी लागली. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. दवाखान्यातला आकडा हा गावाचा आकडा नसतो. दवाखान्यात येणारा माणूस डोळ्यांची काही ना काही तक्रार घेऊनच येतो, म्हणून तिथलं प्रमाण जास्त दिसणारच.

तेव्हा कुणी विचारलं तर मी असं सांगते: विचारलं आणि बघितलं, तर डोळ्यांच्या दवाखान्यात बसलेल्या पाच-सहा माणसांत एकाला तरी कोरडेपणा सापडावा. विचारलंच नाही, तर तो जवळजवळ नसल्यासारखाच वाटेल.

प्रश्न कुणाला विचारायचे?

विचारायचं म्हटलं तरी कसं विचारायचं? जगात सगळ्यांत जास्त वापरली जाते ती बारा प्रश्नांची एक प्रश्नावली. गेल्या आठवड्यात उजेडाचा त्रास झाला का, वाळू गेल्यासारखं वाटलं का, असे तिचे पहिले प्रश्न चांगले आहेत. पुढे मात्र विचारलं आहे: वाचताना त्रास होतो का? रात्री गाडी चालवताना? संगणकावर किंवा एटीएमवर काम करताना? वातानुकूलित खोलीत?

पहिल्यांदा मी हा कागद घेऊन ओपीडीत बसले तेव्हा गाडीच्या प्रश्नालाच अडले. समोरच्या बाईंच्या पाड्यावर रस्ता गेला होता तो जीप जेमतेम जाईल एवढाच. लागू नसलेला प्रश्न सोडून द्यायची सोय त्या प्रश्नावलीत आहे, हिशेबही त्याप्रमाणे करता येतो. पण सोडलेल्या प्रश्नांच्या जागी आमच्या माणसांच्या रोजच्या कामाबद्दल काही विचारलेलं नसतं. चुलीपुढे बसताना काय होतं? राब भाजताना? वीटभट्टीवर?

म्हणून आमच्या आरोग्यसेविकांच्या मदतीने आम्ही आपले साधे प्रश्न ठरवले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं का? सकाळी पापण्या जड होतात का? चुलीपुढे बसवतं का, की उठून बाहेर यावं लागतं? वाऱ्यावर पाणी येतं का? दिवस कलता कलता त्रास वाढतो का? आणि शेवटचा, फार महत्त्वाचा: आत्तापर्यंत डोळ्यांत काय काय घातलं?

हे प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. विचारू लागल्यापासून मी एका वहीत खुणा करत आले आहे. ती वही म्हणजे शास्त्रीय अभ्यास नव्हे, म्हणून तिच्यातला आकडा इथे छापायला देत नाही. पण एवढं नक्की सांगते, की आधीच्या वर्षांतही हे रुग्ण माझ्यासमोर बसूनच गेले होते. मी त्यांच्या कागदावर ‘डोळे येणे’ किंवा ‘ॲलर्जी’ असं लिहून प्रतिजैविकाचे थेंब दिले होते. ते पुन्हा आले की थेंब बदलून दिले होते. यात चूक माझी होती. मी विचारत नव्हते.

आपल्या भागात कोरडेपणा कुठून येतो?

शहरातल्या वाचकांना कोरडे डोळे म्हटलं की संगणक आणि मोबाइल आठवतो. ते बरोबर आहे. टक लावून बघताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होते आणि अर्धवट होते. पण टक लावायला पडदाच लागतो असं नाही. आपल्याकडची वारली चित्रं काढणारी मुलं-मुली बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाची बारीक रेघ ओढत तासन्‌तास बसतात. त्यांच्याही पापण्या मिटायच्या राहून जातात.

बाकीची कारणं इथली आहेत. एक धूर. बऱ्याच घरांत स्वयंपाक अजून चुलीवरच होतो, आणि पावसाळ्यात लाकूड ओलं असलं की झोपडी धुराने भरते. शिवाय उन्हाळ्यात भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण घालून राब भाजतात, त्याचा धूर वेगळा. दुसरं म्हणजे वीटभट्टी. दिवाळीनंतर पाडे रिकामे होऊ लागतात. माणसं भिवंडी, वसईकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या आधी परततात. ऊन, धूळ, राख आणि भट्टीची झळ यांत काढलेले ते पाच-सहा महिने डोळ्यांवर दिसतात. जूनच्या ओपीडीत लाल डोळ्यांची गर्दी होते ती यामुळेच. अशा उन्हाधुळीत बुबुळावर मांसाची वेलही वाढते, आणि तिच्यामुळे अश्रूंचा पापुद्रा आणखीच विस्कटतो.

तिसरं कारण वय, आणि त्यात स्त्री असणं. पाळी जाण्याच्या सुमारास शरीरातली संप्रेरकं बदलतात, त्याचा परिणाम तेलाच्या ग्रंथींवर होतो. चुलीपुढे बसणारीही बाईच असते. चौथं कारण इतर आजार. मधुमेह आणि काही प्रकारचा संधिवात यांत डोळे कोरडे पडतात. संधिवाताच्या रुग्णाला डोळ्यांबरोबर तोंडालाही कोरड पडत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावं. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही कोरडेपणा वाढतो. आणि पाचवं, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. छेद घेताना बुबुळातल्या काही बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे काही आठवडे किंवा महिने डोळा खुपतो. बहुतेकांचं हे आपोआप कमी होतं. पण आधी सांगितलं नाही तर माणूस घरी जाऊन म्हणतो, ‘ऑपरेशन बिघडलं’. मग त्याच्या पाड्यावरचं दुसरं कुणी शिबिराला येत नाही. म्हणून आता आम्ही शस्त्रक्रियेआधीच डोळे कोरडे आहेत का ते बघतो आणि पुढे काय वाटेल ते समजावून सांगतो.

कागदाची पट्टी आणि निळा दिवा

तपासणीला महागडं यंत्रच हवं असं नाही. ५ मिलिमीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर लांब अशी गाळणकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. पट्टी किती भिजली ते मोजायचं. पाच मिलिमीटरही भिजली नाही तर पाणीच कमी आहे. ऑटो शिर्मर यांनी १९०३ साली ही पद्धत सांगितली, आणि आजही ती आमच्या टेबलावर आहे.

दुसरी तपासणी मला जास्त उपयोगी वाटते. डोळ्यात पिवळा रंग लावायचा, एकदा पापणी मिटायला सांगायची आणि मग उघडी ठेवायला सांगून निळ्या उजेडात बघायचं. हिरवट चमकणारा पापुद्रा दिसतो. तो फाटायला लागला की काळे ठिपके उमटतात. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तो टिकाऊ नाही. आजींचा मी ‘तीन’ म्हणायच्या आत फाटला होता. त्यांची पट्टी मात्र चांगली भिजली होती. म्हणजे पाणी भरपूर होतं, पण धरून ठेवणारं तेल नव्हतं. पापणीची कड दाबली तर तेलाऐवजी टूथपेस्टसारखा घट्ट पांढरा ऐवज बाहेर आला. सुनेलाही मी ते दाखवलं.

तक्रार आणि तपासणी नेहमी जुळतेच असं नाही. कुणाला फार चुरचुरतं आणि तपासणीत थोडंच दिसतं. काही वृद्धांच्या आणि मधुमेही रुग्णांच्या बुबुळाची संवेदना बोथट झालेली असते. डोळा बराच खराब असूनही ते तक्रार करत नाहीत. म्हणून नुसतं विचारून किंवा नुसतं बघून चालत नाही.

लाली घालवणारे थेंब

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या. वय चाळिशीच्या आतबाहेर. डोळे अनेक महिने लाल व्हायचे, चुरचुरायचे. बाजाराच्या दिवशी मेडिकलमधून एक बाटली घेतली होती. थेंब घातले की दोन दिवसांत लाली जायची आणि बरं वाटायचं. बंद केले की पुन्हा सुरू. मग त्या दर बाजाराला तीच रिकामी बाटली दाखवून नवी आणायच्या. माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, “आता लाली नाय, पन बाजूचं दिसत नाय.”

त्या बाटलीत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडचे थेंब वाईट नसतात. योग्य आजारात, योग्य काळापुरते, तपासणी करत वापरले तर ते डोळा वाचवतात. पण महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घातले तर काही लोकांच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. त्याला काचबिंदू म्हणतात. कडेची नजर आधी जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. याच थेंबांनी मोतीबिंदू लवकर होतो आणि भाताचं कुसळ लागून झालेल्या जखमेत बुरशी वाढते.

त्या बाईंचा दाब औषधांनी खाली आणला. उरलेली नजर अजून टिकून आहे. पण मूळ आजार काय होता? साधा कोरडेपणा. गरम शेक आणि साध्या थेंबांनी आटोक्यात राहिला असता असा. त्यांच्या कागदांच्या पिशवीत आपल्याच दवाखान्याचा एक जुना केसपेपर होता. त्यावर माझ्या अक्षरात ‘डोळे येणे’ असं लिहिलेलं होतं. त्या माझ्याकडे आधी एकदा येऊन गेल्या होत्या, बरं वाटलं नाही म्हणून बाजाराकडे वळल्या होत्या. त्या दिवसापासून मी प्रश्न विचारायला लागले.

लहान मुलाचा कोरडा डोळा वेगळा

आतापर्यंत लिहिलं ते मोठ्या माणसांबद्दल. लहान मुलाचा डोळा कोरडा, निस्तेज दिसला तर मात्र पहिला विचार जीवनसत्त्व ‘अ’ चा करायचा. त्याची सुरुवात रातांधळेपणाने होते. दिवेलागणीला मूल ठेचकाळतं, ताटातला घास शोधतं, अंधार पडला की जागचं हलत नाही. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग दिसू लागतो. पियर बितो या फ्रेंच वैद्याने १८६३ साली त्याचं वर्णन केलं. इथपर्यंत ओळखलं तर डोळा वाचतो. पुढे बुबुळ कोरडं पडून विरघळू लागलं तर थोड्याच काळात नजर कायमची जाते. गोवर किंवा जुलाबाच्या आजारानंतर कुपोषित मुलाला हा धोका सगळ्यांत जास्त.

यावर थेंब घालून उपयोग नाही. त्या मुलाला जीवनसत्त्व ‘अ’ चा डोस त्याच दिवशी मिळायला हवा. सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यात पहिला डोस, आणि मग दर सहा महिन्यांनी एक, असे पाच वर्षांपर्यंत नऊ डोस मोफत मिळतात. भट्टीवर गेलेल्या कुटुंबातल्या मुलांचे नेमके हेच डोस चुकतात. म्हणून ती परतली की अंगणवाडीताईंकडून यादी घेऊन आम्ही एकेका मुलाचं कार्ड बघतो. आणि पानांत शेवग्याचा पाला, माठ, लाल भोपळा, पपई, जमेल तसं अंडं असावं, हे आयांना सांगतो. शेवगा बहुतेक पाड्यांवर असतोच.

घरी काय करावं

आजींना जे सांगितलं तेच वाचकांपैकी ज्यांना हा त्रास आहे त्यांनाही सांगते.

स्वच्छ फडकं सोसेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं धरा. गार झालं की पुन्हा बुडवा. मग बोटाने वरची पापणी खाली आणि खालची पापणी वर, अशी हलकेच निपटा. गोठलेलं तूप ऊब लागली की सुटतं, तसं ग्रंथीतलं तेल सुटतं. हे रोज करायचं. गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत सोडू नका.

चूल शक्य तर झरोक्याजवळ किंवा पडवीत मांडा. भट्टीवर, मळणीला, मोटारसायकलवर डोळ्यांना साधा चष्मा असू द्या. बारीक काम करताना अधूनमधून मान वर करून दूर बघा आणि पापण्या पूर्ण मिटा. विडी-सिगारेट सोडा.

कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांना विचारून घ्या. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा आणि महिन्यानंतर टाकून द्या. दिवसातून पाच-सहा वेळांपेक्षा जास्त थेंब लागत असतील तर टिकाऊपणासाठी रसायन न घातलेले थेंब मागा, कारण ते रसायनच वारंवार गेलं तर बुबुळाला त्रास देतं. दुसऱ्याची बाटली वापरू नका. पाल्याचा रस, मध, अंगावरचं दूध, यांतलं काहीही डोळ्यांत घालू नका.

आणि पुढची लक्षणं असतील तर घरी उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा: डोळा फार दुखतो आहे, उजेड अजिबात सहन होत नाही, नजर कमी झाली आहे, पू येतो आहे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो आहे, किंवा डोळ्याला काडी-कुसळ लागलं आहे.

आजी पुन्हा आल्या

भातलावणी आटोपल्यावर आजी पुन्हा आल्या. शेक रोज दिला का, असं मी विचारलं. “आवणीत कुठला शेक,” सून म्हणाली. चिखलात वाकून दिवस जातो, हे मला कळायला हवं होतं. पण रात्री चूल विझताना मडक्यात पाणी ऊन असतं, तेव्हा ती आजींना फडकं करून देत होती. पदर अजून ओला होत होता, पण पूर्वीइतका नाही. पिवळा रंग लावून पुन्हा मोजलं. यावेळी सहापर्यंत पोचले.

आजी उठताना म्हणाल्या, “माझे बहिणीलाबी असंच होतं.” बहिणीला पुढच्या मंगळवारी घेऊन या म्हटलं. बहीण काय थेंब घालते, हे विचारल्यावर आजींनी कमरेची पिशवी सोडून एक रिकामी बाटली काढली. बहिणीने दाखवायला दिली होती. ती तीच होती, लाली घालवणारी.

बहीण पुढच्या मंगळवारी आली. डोळ्यातला दाब मोजला. अजून वाढलेला नव्हता.